पिरनवाडीचा वाचक नकाशाबाहेर का राहतो?

चोर्ला घाट चढून कणकुंबी, जांबोटीमार्गे बेळगावला जाणाऱ्या गोमंतकीयाला पिरनवाडी ठाऊक असते. घाटातून येणारा रस्ता खानापूर-बेळगाव मार्गाला मिळतो, तो याच गावाजवळ. घरात मराठी, सरकारी कचेरीत कन्नड आणि मोबाइलच्या पडद्यावर इंग्रजी, असे त्रिभाषिक जीवन या पट्ट्यातील असंख्य कुटुंबे जगत असतात. कन्नडमधून मराठीत आलेल्या कादंबरीला याहून अधिक स्वाभाविक वाचक कोठे मिळणार? ज्या समाजाची कथा तो मराठीत वाचणार, तो समाज त्याच्या शेजारीच नांदत असतो. अनुवादकाने कोठे काय सोडले आणि काय साधले, हेही त्याला इतरांपेक्षा लवकर उमगते.

असे असूनही पुण्या-मुंबईच्या एखाद्या प्रकाशकाने अशा कादंबरीची जाहिरात समाजमाध्यमांवर दिली, तर ती पिरनवाडीत पोहोचेलच याची शाश्वती नाही. पणजीत, डिचोलीत किंवा वाळपईतही पोहोचेल असे नाही. जाहिरात देताना भरावयाच्या तक्त्यात ‘महाराष्ट्र’ या नावासमोर एक खूण केली की गोवा आणि सीमाभाग दोन्ही एका क्षणात वगळले जातात. त्यात कोणाचा हेतू नसतो. म्हणूनच ही बाब कोणाच्या ध्यानातही येत नाही.

लहान प्रकाशकांकडे वृत्तपत्रातील मोठ्या जाहिरातीसाठी पैसे नसतात. त्यामुळे काही हजार रुपयांत ‘नेमक्या वाचकापर्यंत’ पोहोचवण्याचे आश्वासन देणारी लक्ष्यित जाहिरात त्यांना जवळची वाटते. ती चालते कशी, अनुवादित साहित्यकृतीच्या बाबतीत ती कोठे अडखळते आणि तिचा शहाणपणाने उपयोग कसा करता येईल, हे समजून घेणे आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकांसाठीही अगत्याचे आहे. कोणती पुस्तके आपल्यापर्यंत येतात आणि कोणती येत नाहीत, हे आता काही अंशी या तक्त्यातील खुणांवर ठरू लागले आहे.

लिलाव कसा होतो

वृत्तपत्रातील जाहिरात सर्वांना दिसते. लक्ष्यित जाहिरात केवळ निवडक लोकांच्या पडद्यावर उमटते, आणि ही निवड मुख्यत्वे चार मार्गांनी होते. पहिला मार्ग स्थळाचा: राज्य, जिल्हा, शहर किंवा नकाशावरील एखाद्या बिंदूभोवतीचे वर्तुळ. दुसरा वर्णनाचा: वय, भाषा, आवडीनिवडी. तिसरा स्वतःच्या यादीचा: पूर्वी पुस्तक विकत घेतलेल्या ग्राहकांचे क्रमांक व पत्ते देऊन त्यांनाच जाहिरात दाखवणे. चौथा साम्याचा: त्या यादीतील माणसांसारखी वर्तणूक असलेली आणखी माणसे यंत्राने हुडकून काढणे.

निवड झाल्यावर लिलाव होतो. एखादी व्यक्ती फेसबुक किंवा इन्स्टाग्राम उघडते, त्या क्षणी तिच्या पडद्यावरील एका रिकाम्या जागेसाठी अनेक जाहिरातदार स्पर्धेत असतात. साबण, विमा, मोबाइल आणि कादंबरी, सारे एकाच रांगेत. सर्वाधिक पैसे देणाराच तेथे जिंकतो असे मात्र नाही. बोलीची रक्कम, ती व्यक्ती अपेक्षित कृती करील याचा यंत्राने बांधलेला अंदाज आणि जाहिरातीचा दर्जा या तिन्हींचा मेळ घालून निकाल लागतो. त्यामुळे योग्य माणसासमोर ठेवलेली लहान प्रकाशकाची जाहिरात मोठ्या कंपनीच्या जाहिरातीवरही मात करू शकते. मात्र ‘योग्य माणूस’ कोण, हे यंत्राला कळले पाहिजे.

गुगलवरील शोध-जाहिरातीची रीत थोडी निराळी आहे. तेथे माणसाने स्वतः काही शब्द टंकलेले असतात आणि जाहिरातदार त्या शब्दांवर बोली लावतो. ‘भैरप्पा मराठी कादंबरी’ असे शोधणारा माणूस अर्धा ग्राहक झालेलाच असतो. परंतु ज्या लेखकाचे नावच मराठी वाचकाने ऐकलेले नाही, त्याला तो शोधणार तरी कसा? शोध-जाहिरात असलेली मागणी पुरवते. नवी मागणी निर्माण करण्याचे काम प्रामुख्याने समाजमाध्यमांवरील जाहिरातीला करावे लागते.

ही कल्पना मराठीला नवी नाही

तंत्र नवे असले, तरी नेमका वाचक गाठण्याची धडपड मराठी ग्रंथव्यवहारात जुनी आहे. १९६४ पासून निघणाऱ्या ‘ललित’ मासिकाचा वर्गणीदार म्हणजे पुस्तकांत रस असलेला माणूस, हे गृहीतच होते. त्यातील पुस्तकाची जाहिरात आजच्या परिभाषेत ‘आवडीनुसार लक्ष्यित’ म्हणावी लागेल. १९७४ च्या अखेरीस उभ्या राहिलेल्या ‘ग्रंथाली’ या वाचक चळवळीने वाचकालाच सभासद करून घेतले. मेहता पब्लिशिंग हाउसचे ‘मेहता मराठी ग्रंथजगत’ किंवा पॉप्युलर प्रकाशनाचे ‘प्रिय रसिक’ ही गृहपत्रिका टपालाने घरी येई आणि तिच्यात येणाऱ्या पुस्तकांची ओळख असे. प्रकाशनपूर्व सवलतीची योजना हाही त्यातलाच प्रकार. आगाऊ पैसे भरणाऱ्या वाचकाचे नाव व पत्ता प्रकाशकाच्या वहीत कायमचे नोंदले जाई.

या वहीत मालवणचा वाचक असे, मडगावचा असे आणि बेळगावचाही असे. पोस्टमनला राज्याच्या सीमेचे सोयरसुतक नव्हते. वाचकाने वर्गणी भरली, एवढीच त्याची ओळख पुरेशी होती. नव्या तक्त्यात मात्र वाचकाने स्वतःची ओळख सांगायची नसते. त्याची ओळख दुसरा कोणी तरी ठरवतो.

अनुवादापुढची अडचण

मूळ मराठी कादंबरीच्या जाहिरातीत लेखकाचे नाव निम्मे काम करते. अनुवादित कादंबरीचा लेखक बहुधा अनोळखी असतो. अशा वेळी पुस्तकाला वाचकाच्या दारापर्यंत नेते ती अनुवादकाची पुण्याई.

याची दोन ठळक उदाहरणे सीमाभागाच्या मातीतलीच आहेत. चिकोडी तालुक्यातील एकसंब्याला जन्मलेले आणि धारवाडला अध्यापन केलेले जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या कादंबऱ्या ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशा नावांनी मराठीत आणल्या. रिक्टर यांना १९५१ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले होते, परंतु मराठी वाचकाने ही पुस्तके हाती घेतली ती प्रामुख्याने ‘जीएं’साठी. दुसरे उदाहरण उमा कुलकर्णी यांचे. त्यांचा जन्म बेळगावचा. पती विरूपाक्ष यांनी कन्नड मजकूर वाचून दाखवावा आणि उमाताईंनी तो ऐकून मराठीत उतरवावा, या पद्धतीने एस. एल. भैरप्पा यांच्या ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’, ‘आवरण’ आदी कादंबऱ्या मराठीत आल्या. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही लाभला. २४ सप्टेंबर २०२५ रोजी भैरप्पा निवर्तले तेव्हा मराठी वाचकालाही आपल्याच घरचा लेखक गेल्यासारखे वाटले. ते नाते अनुवादाने जोडलेले होते.

पाश्चात्त्य जगातही ही जाणीव अलीकडे प्रखर झाली आहे. मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव छापले जाणार नसेल, तर यापुढे अनुवाद करणार नाही, अशी भूमिका जेनिफर क्रॉफ्ट या अनुवादिकेने २०२१ मध्ये घेतली. हान कांग यांची ‘द व्हेजिटेरियन’ २०१६ मध्ये, तर गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाची मानकरी ठरली. दोन्ही वेळी पारितोषिकाची रक्कम लेखिका आणि अनुवादिका यांच्यात समान वाटली गेली.

जाहिरातीच्या यंत्राला मात्र ही पुण्याई मोजता येत नाही. त्याच्या ‘आवडीं’च्या यादीत जगप्रसिद्ध लेखकांची नावे सहज सापडतात. प्रादेशिक भाषेतील लेखक सापडेलच असे नाही आणि अनुवादक तर क्वचितच. मग प्रकाशक ‘वाचन’, ‘कादंबरी’, ‘साहित्य’ अशा ढोबळ आवडी निवडतो. त्या चाळणीतून परीक्षेची पुस्तके शोधणाऱ्यांपासून सुविचार पुढे पाठवणाऱ्यांपर्यंत सर्वच पार होतात.

तीन खुणा, तीन गळती

गोवा आणि सीमाभागातील वाचक निसटतो तो तीन ठिकाणी.

पहिली गळती राज्याच्या खुणेची. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात मराठी मातृभाषा नोंदवणारे २० लाखांहून अधिक आहेत, गोव्यात १ लाख ५८ हजारांहून अधिक. ‘महाराष्ट्र’ एवढीच खूण केली की हे सुमारे बावीस लाख लोक एका फटक्यात बाहेर राहतात. गोव्याचा आकडा तर वाचकांची खरी संख्या सांगतच नाही. मातृभाषा कोकणी नोंदवून सकाळी मराठी दैनिक वाचणारी घरे आपल्याकडे गावोगाव आहेत. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यानेही कोकणीला राजभाषा करताना शासकीय कामकाजात मराठीच्या वापराची तरतूद ठेवली आहे. जनगणनेतील रकाना आणि माणसाच्या वाचनाचा परीघ यांत असे अंतर असते.

दुसरी गळती भाषेच्या खुणेची. फेसबुकच्या तक्त्यात ‘मराठी’ ही भाषा निवडणे वरवर पाहता अगदी बरोबर वाटते. परंतु ही भाषा म्हणजे त्या व्यक्तीने ॲपसाठी निवडलेली भाषा. ज्याचा मोबाइल इंग्रजीत आहे, तो रोज मराठी वाचत असला तरी या खुणेने वगळला जाऊ शकतो. पिरनवाडीच्या किंवा फोंड्याच्या वाचकाच्या हातातील मोबाइल इंग्रजीत असण्याचीच शक्यता अधिक. म्हणजे ज्याच्या घरी मराठी पुस्तकांचे कपाट आहे तो वगळला जातो, आणि ज्याने केवळ सोय म्हणून ॲप मराठीत ठेवले आहे तो आत येतो.

तिसरी गळती अधिक सूक्ष्म आहे. अलीकडची यंत्रणा जाहिरातदाराने दिलेल्या आवडींना पुष्कळदा निव्वळ सूचना मानते आणि त्यापलीकडेही माणसे शोधते. स्थळ आणि भाषा यांच्या मर्यादा मात्र ती पाळते. त्यामुळे आवडीची निवड चुकली तर यंत्र ती कदाचित सावरून घेईल, पण राज्य किंवा भाषा चुकली तर ती चूक कोणीही सावरत नाही. शिवाय यंत्र निकालांवरून शिकते. पहिल्या पुस्तकाच्या वेळी गोव्यात जाहिरात दाखवलीच नाही, तर गोव्यातून खरेदीची नोंद होत नाही. खरेदीची नोंद नाही म्हणून ग्राहकांच्या यादीत गोमंतकीय नसतात, आणि त्या यादीशी साम्य असलेली माणसे शोधताना यंत्र पुन्हा पुण्या-नाशिककडेच वळते. दोन-तीन पुस्तकांनंतर ‘गोव्यात मराठी पुस्तके खपत नाहीत’ हा निष्कर्ष आकड्यांनिशी सिद्ध झाल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात विचारणाच झालेली नसते.

महाबळेश्वर सैल यांची मूळ कोकणी ‘युग सांवार’ ही कादंबरी ‘तांडव’ या नावाने पुण्याच्या राजहंस प्रकाशनाकडून मराठीत आली. सोळाव्या शतकातील गोव्याच्या धर्मांतराची ती कथा. अशा पुस्तकाची जाहिरात उद्या कोणी केवळ ‘महाराष्ट्र’ ही खूण करून दिली, तर कथा जेथे घडली त्या भूमीलाच ती दिसणार नाही. उदाहरण काल्पनिक आहे, पण तक्त्याची रचना पाहता अशक्य नाही.

पिरनवाडीवर टोचलेली टाचणी

यावरचा उपाय त्याच तक्त्यात दडलेला आहे. राज्यांची नावे निवडण्याऐवजी नकाशावर एखाद्या ठिकाणी टाचणी टोचून तिच्याभोवती वर्तुळ आखता येते. फेसबुकच्या साधनात या वर्तुळाची त्रिज्या ८० किलोमीटरपर्यंत नेता येते.

टाचणी पिरनवाडीवर टोचून पाहावी. सरळ रेषेत मोजलेल्या ८० किलोमीटरच्या या वर्तुळात बेळगाव व खानापूर तर येतातच. उत्तरेला निपाणी येते. वायव्येला कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड आणि गडहिंग्लज येतात. पश्चिमेला सावंतवाडी येते. नैऋत्येला वाळपई, डिचोली आणि म्हापसा येतात, आणि पणजी अगदी कडेवर येते. आग्नेयेला धारवाडही आत येते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने आखलेल्या सीमा ओलांडून तीन राज्यांतील वाचकांचा असा एक सलग प्रदेश डोळ्यांसमोर उभा राहतो. तेथे मराठी वाचली जाते आणि शेजारची भाषा कानावरून गेलेली असते. अनुवादित साहित्याला याहून सुपीक जमीन नाही.

या वर्तुळात भाषेचा रकाना कोरा ठेवावा आणि जाहिरातीचा मजकूरच मराठीत लिहावा. मराठी वाचता न येणारा माणूस तो न वाचताच पुढे जाईल, वाचता येणारा क्षणभर थांबेल आणि कोण थांबतो ते यंत्र टिपून घेईल. मजकुराची लिपी हीच येथे सर्वांत प्रामाणिक चाळणी ठरते.

यंत्र मागाल तेच देते

जाहिरात देताना उद्दिष्ट निवडावे लागते: अधिकाधिक लोकांना दिसणे, पसंती व प्रतिक्रिया मिळणे, क्लिक होणे किंवा विक्री होणे. ही निवड केवळ औपचारिक नसते. पसंती मागितली, तर यंत्र ज्यांचा अंगठा सहज उठतो अशी माणसे शोधून देते. ती पुस्तक घेणारी असतीलच असे नाही.

प्रतिक्रिया मागण्यात सीमाभागात आणखी एक धोका आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये पिरनवाडीतच संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्यावरून मराठी-कन्नड तणाव निर्माण झाला होता. गावात छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा अभिमान आहे आणि रायण्णांचाही. अशा ठिकाणी कन्नडमधून मराठीत आलेल्या पुस्तकाची जाहिरात दिसली की तिच्याखाली साहित्याऐवजी भाषेचा वाद पेटू शकतो. यंत्राच्या लेखी संतापाची प्रतिक्रियाही प्रतिक्रियाच. अधिक प्रतिक्रिया मिळवण्याच्या उद्दिष्टामुळे जाहिरात वाद घालणाऱ्यांकडे अधिकाधिक जाऊ लागते आणि दोन भाषांना जोडणारे पुस्तक त्यांच्यातील भांडणाचे निमित्त ठरते. म्हणून येथे प्रतिक्रियांचे उद्दिष्ट टाळणेच इष्ट.

मग थेट विक्रीचे उद्दिष्ट ठेवावे काय? येथे संख्येची अडचण येते. यंत्राचे शिक्षण स्थिरावण्यासाठी आठवड्याला सुमारे ५० अपेक्षित कृती घडाव्यात, असा फेसबुकच्या मूळ कंपनीचा, म्हणजे मेटाचा, ठोकताळा आहे. एका अनुवादित कादंबरीच्या आठवड्याला ५० प्रती केवळ जाहिरातीतून विकल्या जाणे ही लहान प्रकाशकासाठी दूरची गोष्ट. त्याने विक्रीच्या आधीची पायरी निवडावी: पहिले प्रकरण उघडून वाचणे. तेवढी संख्या गाठता येते, आणि प्रकरण वाचणारा माणूस खऱ्या अर्थाने वाचक असतो. साबणाचा नमुना वापरून पाहता येतो, तसे साहित्यकृतीत चाखून पाहण्याजोगे असते ते तिचे गद्य. अनुवादाबद्दल वाचकाच्या मनात शंका असते ती भाषा ओघवती आहे का, याचीच. तिचे उत्तर पहिल्या प्रकरणाइतके चांगले कोणतीही जाहिरात देऊ शकत नाही.

रुपयांचा हिशेब

आता पैशाकडे वळू. पुढील आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. समजा, कादंबरीची किंमत ४०० रुपये. छपाई, मूळ लेखकाचे व अनुवादकाचे मानधन, सवलत आणि टपालखर्च वजा जाता प्रतीमागे प्रकाशकाला १२० रुपये उरतात. त्याने १०,००० रुपये जाहिरातीला दिले आणि प्रत्येक क्लिकला ४ रुपये पडले, तर २,५०० क्लिक मिळतील. पन्नासांतील एकाने पुस्तक घेतले, तर ५० प्रती खपतील आणि हाती ६,००० रुपये येतील.

खर्च मात्र १०,००० वर थांबत नाही. जाहिरातसेवेवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे आणखी १,८०० रुपये. इतर व्यावसायिकांना या कराची वजावट मिळते. छापील पुस्तके करमुक्त असल्याने प्रकाशकाला पुस्तकविक्रीसाठी केलेल्या या खर्चाची वजावट मिळत नाही. पुस्तक स्वस्त राहावे म्हणून दिलेली करमाफी येथे प्रकाशकाच्या खिशाला अशी मागल्या दाराने भिडते. एकूण खर्च ११,८०० आणि आवक ६,०००. तोटा ५,८०० रुपये. बरोबरी साधायची, तर ९९ प्रती खपायला हव्यात, म्हणजे साधारण पंचविसांतील एका क्लिकचे रूपांतर खरेदीत व्हायला हवे.

एकाच पुस्तकाच्या हिशेबात लक्ष्यित जाहिरात अशी सहसा तोट्याचीच दिसते. चित्र पालटते ते जाहिरातीतून यादी जमू लागल्यावर. त्याच २,५०० जणांना पहिले प्रकरण वाचायला दिले आणि दहांतील एकाने ‘पुढील अनुवादांची माहिती पाठवा’ म्हणून स्वेच्छेने व्हॉट्सॲप क्रमांक दिला, तर २५० वाचकांची यादी हाती येते. प्रत्येक नाव सुमारे ४७ रुपयांना पडले. यांतील काहीजण आज पुस्तक घेतील, काही पुढच्या वेळी. मात्र पुढच्या कादंबरीच्या वेळी त्यांना कळवण्यासाठी लिलावात उतरावे लागणार नाही. जुन्या गृहपत्रिकेची वही पुन्हा सुरू होते आणि तिच्यात निपाणी व पणजी यांना जागा असते.

संमतीची मर्यादा

अशा यादीसोबत जबाबदारीही येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या केंद्रस्थानी संमती आहे. माणसाने ज्या कारणासाठी आपला क्रमांक दिला, त्याच कारणासाठी तो वापरायचा. साहित्य संमेलनातील पुस्तकविक्रीच्या टेबलावर देयकासाठी घेतलेला क्रमांक परस्पर जाहिरातीच्या यंत्रात भरणे या तत्त्वाला धरून नाही. अठरा वर्षांखालील मुलांना उद्देशून लक्ष्यित जाहिरात करण्यास तर हा कायदा मनाई करतो. कुमार वाचकांसाठी अनुवाद काढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

माध्यमांनी स्वतःही काही बंधने घातली आहेत. धर्म, वंश, आरोग्य, राजकीय कल, लैंगिक ओळख अशा संवेदनशील विषयांशी निगडित आवडींवरून लक्ष्य ठरवण्याची सोय मेटाने १९ जानेवारी २०२२ पासून काढून टाकली. ‘आवरण’ किंवा ‘तांडव’ यांसारख्या धर्म आणि इतिहास यांना भिडणाऱ्या कादंबऱ्यांच्या बाबतीत हे बंधन साहित्याच्या पथ्यावरच पडणारे आहे. अशा कादंबरीला केवळ एका मताचे वाचक गाठून देणे म्हणजे तिला पत्रक करून टाकणे.

यंत्राबाहेरचे वाचक

यंत्राला दिसत नाहीत असे वाचकही पुष्कळ असतात. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा सीमाभागातील गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात आणि तेथे पुस्तकेही विकली जातात. ग्रंथालयात कादंबरीची एक प्रत अनेक घरांत फिरते, त्या वाचनाची नोंद कोणत्याही लिलावात होत नाही. म्हणून जाहिरातीला ठरवलेल्या रकमेतील काही भाग चार प्रती ग्रंथालयांना भेट देण्यात आणि अनुवादकाला संमेलनात बोलावण्यात खर्च केला, तर तोही तितकाच नेमका खर्च ठरेल. पहिल्या प्रकरणाची यादी करायची, तर तिची सुरुवात अशाच ठिकाणी, वाचकाला विचारून होऊ शकते.

वाचकाच्या हातीही काही आहे. एखाद्या अनुवादित पुस्तकाची जाहिरात दिसली आणि ते आवडण्याजोगे वाटले, तर केवळ अंगठा न दाखवता पहिले प्रकरण उघडावे. पुस्तक घेणे शक्य असेल तर प्रकाशकाकडून थेट, गोव्याच्या किंवा बेळगावच्या पत्त्यावर मागवावे. आपल्या पिनकोडवर नोंदलेली एक मागणी प्रकाशकाच्या वहीत आणि यंत्राच्या स्मरणात एकाच वेळी उमटते. पुढच्या पुस्तकाच्या वेळी तक्ता भरणारा माणूस ‘महाराष्ट्र’समोर खूण करून थांबत असेल, तर त्याचा हात अडवायला एवढे कारण पुरेसे असते.

अनुवाद तोट्यात गेला की प्रकाशक पुढच्या कादंबरीचे हक्क घेत नाही, आणि शेजारच्या भाषेकडे उघडणारी एक खिडकी निमूटपणे बंद होते. वाचक नव्हते म्हणून ती बंद झाली की वाचकांना विचारलेच नव्हते म्हणून, हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते. पिरनवाडीवर टाचणी टोचून पाहायला फार खर्च येत नाही. तेवढे केले, तर उत्तर निदान अंदाजावर सोडावे लागणार नाही.